तेराव्यानंतर काय? सोलापुरात दुःखाची बैठक सुरू करणाऱ्यांसाठी

मातीला माणसं येतात. सावडायला येतात, दहाव्याला येतात, तेराव्याच्या पंगतीला बसतात. घरात चूल पेटलेली नसते तेव्हा शेजारून पिठलं-भाकरी येते, पाहुणे कडू घास घेऊन येतात, दुखवट्याचे कपडे होतात. ही रीत सोलापुरात अजून टिकून आहे आणि ती फार मोलाची आहे. पण चौदाव्या दिवशी सतरंज्या उचलल्या जातात, पाहुणे एसटीत बसतात आणि ज्याचं माणूस गेलं त्याच्यासमोर रिकामं घर उरतं. दुःख खऱ्या अर्थानं अंगावर येतं ते तेव्हा. आणि नेमकं तेव्हाच आपण सगळे आपापल्या कामाला लागलेले असतो.

तुम्ही भजनी मंडळात असाल, हरिपाठाला बसत असाल, लिंगायत बायकांच्या अक्कन बळगात, मशिदीच्या कमिटीत, बुद्धविहारात किंवा चर्चच्या महिला मंडळात असाल आणि या चौदाव्या दिवसापासून पुढे काहीतरी करावं असं मनात असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. मोठा निधीही लागत नाही. बसायला जागा, दोन विश्वासाची माणसं आणि वर्षभर चिकाटी लागते. चिकाटी सगळ्यात जास्त.

पहिली पायरी: ज्याच्या घरी जायचं त्याची रीत विचारून घ्या

सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी बोलणारी घरं असतात. दुःख सगळ्यांचं सारखं असलं तरी त्याचं वेळापत्रक सारखं नसतं. हिंदू घरात बहुतेक ठिकाणी दहावा, तेरावा, महिना आणि वर्षश्राद्ध. लिंगायत घरात माणूस लिंगैक्य झाला म्हणतात; बसवण्णांच्या शिकवणीत मरणाचं सूतक मानलेलंच नाही, पण शेजारपाजारच्या चालीनं काही घरं पाळतात. मुस्लिम घरात शोक तीन दिवसांचा, मात्र नवरा गेलेल्या बाईची इद्दत चार महिने दहा दिवसांची. या काळात ती सहसा घराबाहेर पडत नाही. म्हणजे ती तुमच्या बैठकीला येणार नाही, तुम्हालाच तिच्याकडे जावं लागेल, आणि जाणारी बाईच हवी. बौद्ध घरात श्राद्ध नसतं, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. ख्रिस्ती घरात प्रार्थनासभा होते, आणि कॅथलिक मंडळी २ नोव्हेंबरला आपल्या मृतांची आठवण ठेवतात.

हे पाठ करायची गरज नाही. दारात गेल्यावर विचारायचं, ‘अक्का, तुमच्यात कसं असतं?’ एवढ्या प्रश्नानं समोरच्याला कळतं की हे आपल्याला काही शिकवायला आलेले नाहीत.

या सगळ्या रीतींमध्ये एक शहाणपण आहे. ज्याचं डोकं चालेनासं झालं आहे त्याला त्या रोजचं एक काम देतात. आज हे आणा, उद्या तिथं जा, परवा अमक्याला बोलवा. रडायला मुभा देतात. गेलेल्याचं नाव चारचौघांत घेऊ देतात. तुमच्या बैठकीनंही पुढे वर्षभर हेच करायचं आहे, फक्त हळू गतीनं.

पण रीतीतून सुटलेली माणसंही असतात. ज्या बाईचं मूल पोटातच गेलं तिच्याकडे कुणी भेटायला येत नाही. ज्याच्या मुलानं आत्महत्या केली त्याच्या दारात लोक येतात, पण कुजबुजत. नव्वदीची आई गेली की ‘सोनं झालं’ म्हणून मोकळे होतात. तिची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या सुनेचे हात एकदम रिकामे झालेत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि नवरा गेलेली बाई. तिच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे ज्या दिवशी तिला आधार हवा त्याच दिवशी होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. या मागणीमागे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातले कार्यकर्ते होते. तेव्हा तुमच्या मंडळातली एखादी वयस्क बाई ‘आपल्यात असंच असतं’ म्हणाली, तर तिला हे शांतपणे सांगता येईल. आणि मंडळाचं हळदीकुंकू असेल तेव्हा या बाईला पहिलं बोलावणं धाडा. माझ्या मते श्रद्धेच्या नावानं चालणाऱ्या कुठल्याही मंडळाची खरी परीक्षा इथं आहे.

दुसरी पायरी: जागा आणि वेळ

पहिल्यांदा मनात येतं देवळाचा सभामंडप. पण सूतकातली माणसं देवळात येत नाहीत, आणि बऱ्याच घरांत वर्षभर येत नाहीत. मग ज्यांच्यासाठी बैठक, तीच बाहेर. म्हणून देवळाला लागून असलेली खोली, समाजमंदिर, शाळेचा वर्ग किंवा कुणाची ओसरी निवडा. यंत्रमागाच्या कारखान्याच्या भिंतीला लागून असलेली जागा टाळा. त्या खडखडाटात हळू आवाजात काही बोलता येत नाही आणि दुःखाचं बोलणं हळू आवाजातच होतं.

वेळ ठरवताना आधी त्या भागाचा पाण्याचा दिवस विचारा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी बाई घर सोडत नाही. विडी कामगार बायकांच्या वस्तीत विड्या देऊन, पान-तंबाखू घेऊन त्या घरी परतल्यानंतरची दुपार बरी पडते. कारखान्यातल्या पुरुषांसाठी सुट्टीच्या दिवशीची संध्याकाळ. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये दुपारची बैठक घेऊच नका.

विड्या वळणाऱ्या बायकांना सूप घेऊन बसू द्या. सुरुवातीला हे विचित्र वाटेल. पण मांडीवर सूप, हातात पान, नजर खाली, अशी बसली की बाई मोकळी बोलते. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हात त्यांच्या सवयीनं चालू राहतात आणि मन त्यातून वाट काढतं. समोरासमोर डोळ्यात डोळे घालून ‘सांगा ना’ म्हटलं तर तीच बाई मिटून बसेल.

महिन्यातून दोनदा पुरे. ठरलेला दिवस मात्र चुकवू नका. ज्याच्या आयुष्यातून एक माणूस अचानक गेलं आहे त्याला न हलणारी एखादी गोष्ट हवी असते.

तिसरी पायरी: बैठक कोण चालवणार

दोघं हवेत, एकटा नको. एखादा रडत बाहेर गेला तर एकानं त्याच्यामागे जायचं, दुसऱ्यानं आत बसायचं. ज्याला ऐकायची सवय आहे तो निवडा. छान कीर्तन करणारा माणूस या कामाला योग्य असेलच असं नाही. त्याला बोलायची सवय असते. ज्याच्या घरचं दुःख अजून ओलं आहे त्यानं चालवायला बसू नये, आधी वर्ष-दोन वर्षं येऊन बसावं. तेलुगू किंवा कन्नड बोलणारा एक माणूस जोडीला असला तर फार बरं. माणूस मराठीत हिशेब सांगेल, पण रडतो तो आईच्या भाषेत.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका काढली. तिचं सार तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडा. माणूस सुरक्षित आहे का, खाल्लंय का, झोपलाय का, हे पाहा. तो जेवढं सांगेल तेवढं ऐका. आणि त्याला गरजेच्या ठिकाणाशी जोडा: नातेवाईक, डॉक्टर, तलाठी, जे लागेल ते. नवख्या माणसानं हे तीन शब्द धरून ठेवले तरी मोठ्या चुका होत नाहीत.

चौथी पायरी: पहिली भेट

तेराव्यानंतर आठ-दहा दिवसांनी घरी जा. फोन करून जा. दोघं जा. हातात फळं असोत, मंडळाचं पत्रक नको.

काय बोलायचं याची फार धास्ती असते. खरं तर बोलायचं कमीच असतं. गेलेल्याचं नाव घ्या. ‘रमेश कसा होता, सांगा की आम्हाला’ हे वाक्य किती दारं उघडतं ते तुम्हीच पाहाल. लोकांना वाटतं नाव काढलं तर जखम उघडी पडेल. घरच्यांना मात्र भीती वाटत असते ती त्याचं नाव पुन्हा कधीच कुणी घेणार नाही याची.

काही वाक्यं कायमची टाकून द्या. ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.’ ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल.’ ‘तुला अजून दोन पोरं आहेत की.’ ‘आता तुलाच खंबीर व्हायचंय.’ ‘वय लहान आहे, दुसरं होईल.’ ही सगळी वाक्यं चांगल्या मनानं बोलली जातात आणि वर्षानुवर्षं टोचत राहतात. त्यांच्याऐवजी काय म्हणायचं? ‘काय बोलावं सुचत नाही मावशी, म्हणून नुसतं बसायला आलोय.’ एवढं खरं बोललं तरी बस्स आहे. आणि ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणून उठू नका. दुःखातला माणूस सांगत नाही. ‘गुरुवारी सकाळी मी येतो, रेशनला बरोबर जाऊ’ असं ठरवूनच निघा.

निघताना बैठकीचं सांगा, आग्रह करू नका. ‘आम्ही काहीजण बसतो. कुणाचं कोण गेलेलं आहे. यायचं तर न्यायला येईन.’ न्यायला येईन हे महत्त्वाचं. उंबरठा ओलांडायला सोबत लागते.

पाचवी पायरी: बैठक कशी घ्यायची

दीड तास पुरे. गोलाकार बसा, खाली सतरंजीवर, गुडघे दुखणाऱ्यांना खुर्च्या. सुरुवात एका अभंगानं, वचनानं, वंदनेनं किंवा दुव्यानं, तुमची जी परंपरा असेल तिनं. मिश्र बैठक असेल तर दोन मिनिटं शांत बसणं बरं. अभंग एकच, संथ, टाळ हळू. ठेका चढला की मन दुसरीकडे जातं. ते हरिपाठाच्या दिवशी चांगलं, इथं नको.

मग प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं आणि ज्याच्यासाठी आलो त्याचं नाव. पुढे बोलायचं तर बोलायचं, नाहीतर ‘आज ऐकतो’ म्हणायचं. ज्याला बोलायचं नाही त्याला कधीही उठवून बोलतं करू नका. एका मावशी कित्येक बैठका नुसत्या येऊन कोपऱ्यात बसायच्या. एके दिवशी पिशवीतून मुलाचा टिफिनचा डबा काढला आणि म्हणाल्या, ‘त्या दिवशीचा आहे. धुतला नाही अजून.’ कुणी काही बोललं नाही. शेजारच्या बाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, बस. पुढच्या वेळी त्या मुलाबद्दल भरभरून बोलल्या. त्या दिवशी कुणी ‘धुवून टाका, बरं वाटेल’ असा सल्ला दिला असता तर त्या परत आल्या नसत्या.

म्हणून नियम थोडे आणि पक्के. सल्ला द्यायचा नाही. कुणाचं दुःख मोठं, कुणाचं लहान, हे तोलायचं नाही. इथलं बोलणं इथंच ठेवायचं. फोटो नाही, व्हॉट्सअॅपवर टाकणं नाही, वर्गणी नाही, कुठल्या पक्षाचा किंवा नगरसेवकाचा फलक नाही. आणि कुणाला आपल्या पंथात आणण्याचा प्रयत्न तर अजिबात नाही. दुःखात वाकलेल्या माणसाकडून काही वदवून घेणं हे पाप आहे, मग ते कुठल्याही देवाच्या नावानं असो.

शेवटी चहा. चहा झाल्याशिवाय कुणाला जाऊ देऊ नका. बैठकीत उघडं पडलेलं मन घेऊन माणूस थेट सात रस्त्याच्या गर्दीत शिरला तर त्याला ते झेपत नाही. चहाच्या वेळी पावसाचं, पोरांच्या शाळेचं, कांद्याच्या भावाचं बोलणं व्हावं.

सहावी पायरी: देवावरचा राग

कधी ना कधी कुणीतरी म्हणेल, ‘इतकी वर्षं वारी केली, गुरुवारी अक्कलकोटला गेलो, आणि हे फळ?’ सगळी बैठक गप्प होईल आणि सगळे तुमच्याकडे बघतील. देवाची बाजू घेऊ नका.

केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं संकटातल्या श्रद्धेवर अनेक वर्षं काम केलं. त्याच्या संशोधनातून एक गोष्ट स्पष्ट दिसते: देव आपल्या सोबत आहे, आपली माणसं सोबत आहेत, अशा भावनेनं माणूस सावरतो, देवानं मला शिक्षा केली, मला टाकून दिलं, या भावनेत जो अडकून राहतो त्याचा त्रास वाढतो. म्हणजे श्रद्धा आपोआप औषध होत नाही. ‘तुझ्याच पापाचं फळ’ हे वाक्य म्हणूनच इतकं घातक आहे. राग मात्र बाहेर येऊ द्यावा, कारण आत कोंडलेला राग हळूहळू ‘माझंच चुकलं’ या विचारात मुरतो.

आणि आपल्या मातीत देवाशी भांडायची परवानगी आहेच. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठलाला चक्क शिव्या आहेत. दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, आणि ते दुःख त्यांनी अभंगांत लपवलं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली चोखोबा इतर मजुरांबरोबर गेले. परंपरा सांगते ती साल १३३८. नामदेव पंढरपुराहून मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातून अस्थी शोधल्या आणि पंढरीच्या महाद्वारात समाधी बांधली. ज्या देवळात चोखोबांना जिवंतपणी पाऊल ठेवू दिलं नाही त्याच्या दारात. कामावर अपघातात माणूस जाणं, ओळख पटणं कठीण होणं आणि मित्रानं तरीही हार न मानता त्याला शोधून आणणं, हे सगळं त्यात आहे. कारखान्यातल्या अपघातात घरचं माणूस गेलेल्यांसमोर मी ही कथा सांगते तेव्हा उपदेश लागत नाही. नामदेवांनी जे केलं तेच आपल्याला करायचं आहे: जायचं आणि शोधायचं.

सातवी पायरी: आघात आणि दुःख यांत फरक करा

म्हातारपणी आई गेली हे दुःख. डोळ्यासमोर अपघात झाला, आगीतून आपण वाचलो आणि भाऊ राहिला, घरात कुणी गळफास घेतलेला आपण पहिल्यांदा पाहिला, हा आघात. त्यात दुःख असतंच, शिवाय भीती शरीरात बसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, सरकारी आकड्यानुसार जवळपास ८ हजार माणसं गेली, आणि सोलापूरही हादरलं. त्या पट्ट्यातले कित्येक लोक पुढे घरात झोपायला घाबरत. १८ मे २०२५ रोजी इथल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून ८ जण गेले. अशा घटनेनंतर शेजारचे कामगारही धुराच्या वासानं दचकून उठू शकतात.

खुणा ओळखा. तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यासमोर येणं, तशी स्वप्नं पडणं, तो रस्ता टाळणं, जरा आवाज झाला की दचकणं, झोप न लागणं, सतत सावध राहणं. पहिल्या काही आठवड्यांत हे बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. महिना उलटला तरी तसंच राहिलं, कामधंदा आणि घर दोन्ही अडू लागलं, तर डॉक्टर हवाच.

अशा माणसाला ‘काय झालं ते पहिल्यापासून सांग’ असं कधीही म्हणू नका. मन मोकळं केलं की बरं वाटतं हा आपला समज, पण घटनेनंतर लगेच सगळं तपशीलवार बोलायला लावण्यानं फायदा होत नाही; जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका असंच सांगते. त्याऐवजी आत्ताचं बोला: झोप किती झाली, काय खाल्लं, सोबत कोण आहे. अंगात कापरं भरलं तर त्याला पाय जमिनीवर टेकवून बसवा, आसपास दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. जपमाळ ओढणाऱ्याला माळ हातात द्या. एकेक मणी आणि एकेक श्वास. तसबीहवाल्याला तसबीह. सवयीचा स्पर्श मन ठिकाणावर आणतो.

दुःखही कधी कधी अडकून बसतं. सहा महिने, वर्ष झालं तरी तीव्रता तसूभर कमी नाही, जगण्यात काहीच अर्थ वाटत नाही, रोजची कामं होत नाहीत, तर तोही आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान दिलं आहे.

कुठे न्यायचं? सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं. तिथं मानसोपचार विभाग आहे. पहिल्यांदा तुम्ही सोबत जा, केसपेपर काढून द्या, रांगेत बसा. ‘वेड्याचा डॉक्टर’ म्हणून घरचे बिचकतात. त्यांना सांगा की झोपेसाठी, छातीतल्या धडधडीसाठी जातोय, आणि ते खरंच असतं. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा फोन आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून बैठकीच्या जागी लावा.

कुणी ‘आता जगून काय करू’ म्हटलं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यायचं मनात येतंय का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट एकट्यानं वाहिलेलं ओझं खाली ठेवता येतं. हो म्हटलं तर त्याला एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं, गोळ्या घरच्यांना त्याच्यापासून दूर ठेवायला सांगा, १४४१६ लावा, धोका समोर दिसत असेल तर ११२. कुणी प्रयत्न करून वाचलं असेल तर घरचे पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळतात. त्यांना सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ असं मानतं की तो माणूस तीव्र तणावात होता, आणि त्याला उपचार व आधार देणं ही सरकारची जबाबदारी ठरवतं.

देवरुषी, भानामती, अंगात आणणं, चटके देणं, मारून भूत काढणं, याला तुमच्या बैठकीत थारा नको. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं अशा अघोरी प्रकारांना शिक्षा आहे. पण म्हणून अक्कलकोटला जाऊ नका, दर्ग्यात चादर चढवू नका असं कुणाला सांगू नका. वटवृक्षाखाली बसून ज्याला रडता येतं त्याला तिथं रडू द्या. गोळी चालू ठेवून जा, एवढंच सांगायचं.

लहान मुलं

मुलांना ‘बाबा गावाला गेले’ असं सांगू नका. ती वाट बघत राहतात, आणि मग कुणीही गावाला निघालं की घाबरतात. ‘बाबांचं शरीर काम करायचं थांबलं, ते परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही’ असं सोप्या शब्दांत सांगा. शेवटचा भाग विसरू नका. बैठक चालू असताना बाजूला मुलांना कागद-रंग देऊन एक ताई बसवा. मूल रडता रडता खेळायला पळालं तर त्याला ‘काही वाटत नाही याला’ म्हणू नका. मुलं दुःख थोडं थोडं घेतात.

कागदपत्रं

हे आध्यात्मिक काम नाही असं वाटेल, पण कित्येक घरांना पहिला श्वास इथं मिळतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत मोफत होते. दाखल्याच्या जास्तीच्या प्रती काढून ठेवा. गेलेल्याचं बँक पासबुक आणा आणि ४३६ किंवा २० रुपये वर्षाला कापले गेलेत का ते बघा. ४३६ म्हणजे जीवनज्योती विमा, २० म्हणजे सुरक्षा विमा. पहिल्यात कुठल्याही कारणानं आणि दुसऱ्यात अपघातानं मृत्यू झाला तर वारसाला २ लाख मिळतात. घरच्यांना हा विमा होता हेच माहीत नसतं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार आहेत, आणि निराधार विधवेसाठी संजय गांधी योजना. तहसीलला अर्ज करायला सोबत जा. ज्या बाईनं आजवर एकटीनं कचेरीची पायरी चढलेली नाही तिला तुमच्या प्रार्थनेइतकंच तुमचं बरोबर येणंही हवं असतं.

तारखांची वही

एक वही करा. नाव, गेल्याची तारीख, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस. त्या तारखांच्या आदल्या दिवशी फोन. याखेरीज सोलापूरचं स्वतःचं पंचांग आहे. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा लागते, नंदीध्वज निघतात, सगळं शहर पांढऱ्या बाराबंदीत रस्त्यावर असतं. ज्या घरातला नंदीध्वज पेलणारा गेला त्या घरावर त्या दिवशी काय ओढवतं ते जाऊन बघा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेच. आषाढीला दिंडीतली रिकामी जागा. ईद, नाताळ, १४ एप्रिल. पितृपक्षात मात्र घरंच बोलू लागतात, तेव्हा बैठकही भरते. दोन सतरंज्या जास्त ठेवा.

पहिला सण आला की विचारा, ‘यंदा कसं करायचं?’ सण टाळला तरी चालेल, केला तरी चालेल. दोन्हींत अपराध नाही हे कुणीतरी बाहेरच्यानं सांगावं लागतं, घरातल्यांना ते एकमेकांना सांगता येत नाही.

तुम्हीही माणूसच आहात

बैठकीनंतर चालवणाऱ्या दोघांनी दहा मिनिटं एकत्र बसायचं आणि स्वतःला काय जड गेलं ते बोलायचं. झोप उडाली, घरी चिडचिड वाढली, एखाद्याचंच दुःख डोक्यातून जाईना, तर दोन बैठका सुट्टी घ्या. तुमचा नंबर सगळ्यांकडे असेल. रात्री दहानंतर १४४१६, सकाळी मी, असं पहिल्याच दिवशी सांगून टाका.

सुरुवातीला बैठकीला एखाद-दोन माणसं येतील, कधी कुणीच येणार नाही. तरी ठरलेल्या वेळी जागा उघडून बसा. वस्तीत ते दिसतं आणि हळूहळू खबर पसरते. येणारं माणूस यायचं बंद झालं तर एक फोन करा. आवाजावरून कळतं. ‘पोरीच्या लग्नाची गडबड आहे हो, वेळच मिळत नाही’ असं उत्तर आलं तर आनंदानं फोन ठेवा आणि वहीतलं नाव खोडू नका, वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी पुन्हा करायचा आहे. फोन उचललाच नाही, किंवा ‘बरंय’ एवढंच म्हणून ठेवला, तर त्याच आठवड्यात घरी जा.